दोन ओढी आणि एक ठोका

कच्ची वीट आणि माती यांत फरक काय, असं कैरोचे साहेब लोक विचारतात. काही नाही. वीट मातीची, भिंत मातीची, भिंतीवर कोसळलेला ढिगारा मातीचा आणि वाऱ्याने आणून वर पसरलेली तीही मातीच. डोळे फाडून बघितलंत तरी कळणार नाही. ते हाताला कळतं, आणि तो हात आम्हा कुफ्त गावच्या लोकांकडे असतो. शंभर वर्षं झाली, इजिप्तभर दुसऱ्यांची घरं आणि थडगी आम्हीच उकरतोय. माझा आजा मुकादम, बाप मुकादम, मी कनावी, मीही मुकादम. स्वभावाने तिरसट आहे हे आधीच सांगतो, म्हणजे मागून तक्रार नको.

माझ्या बापाचा हात सगळ्यांत वेगळा. थापी स्वतःकडे दोनदा ओढायची, मग उलटी करून लाकडी मुठीने एकदाच ठोकायचं आणि कान द्यायचा. वीट असेल तर आवाज बसका, ढिगारा असेल तर पोकळ. हा हात त्याने तिघांना शिकवला: माझा थोरला भाऊ दियाब, आमचा चुलतभाऊ आबिदीन आणि मी. त्या दोघांनी तो उचलला. मला नाही जमला. माझा हात जड, आणि तो आवाज मला कधी ऐकूच आला नाही. म्हणून मी लोकांवर ओरडायचं काम पत्करलं.

बावीस वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि आबिदीनने दियाबला उसाच्या फडात गोळ्या घातल्या. पहिली पोटात. दियाब सरपटत बांधापर्यंत आला, तेव्हा दुसरी तोंडात. आबिदीन त्याच दिवशी वाळवंटात पळाला. कोणी म्हणे लिबियात गेला, कोणी म्हणे मरूद्यानांकडे लपला. दियाबची बायको, माझी शफीका वहिनी, तेव्हा सातव्या महिन्यात होती.

आमच्याकडे खून झाला की सूड घेईपर्यंत दुखवट्याचा मांडव घालत नाहीत, भेटायला आलेल्याला कॉफी देत नाहीत. माणूस पुरतात, दुःख पुरत नाहीत. वहिनीने रक्ताने कडक झालेला झगा पेटीत ठेवला आणि दर ईदला मुलाला काढून दाखवला. भावाचं रक्त घेणं खरं तर माझं काम. मी घेतलं नाही. गावाने मला बाईची ओढणी पाठवली. ती घडी करून ठेवली आणि कामावर निघून गेलो. भित्रा म्हणा हवं तर, मी होतोच. पण दियाबचा मुलगा हमाम सोळाचा झाल्याबरोबर मी त्याला उचलून माझ्याबरोबर आणला आणि मनाशी एक गाठ मारली: या पोराच्या हाताला माती लागेल तेवढी लागू दे, रक्त लागू द्यायचं नाही. सहा वर्षं मी डोळ्यांत तेल घालून तेवढंच सांभाळलं.

यंदा आम्ही खारग्याच्या मरूद्यानाजवळ, कस्र दूमच्या पडक्या गढीवर होतो. कुफ्तचे आम्ही आठ, मरूद्यानातले रोजंदारीवरचे तीस, आणि सगळ्यांच्या वर कैरोच्या डॉक्टर नीरमीनबाई. उत्तरेच्या दरवाजालगत एक खोली निघाली. जळक्या तुळईखाली माणसं होती. एक, दोन करत अकरा. एकाची कवटी कानापासून हनुवटीपर्यंत चिरलेली, एकाचे दोन्ही हात मनगटापासून वेगळे, कोपऱ्यातला एक गुडघ्यांवर, डोक्यावर हात धरलेला. दार आतून अडसर लावून बंद होतं. मारणारे छप्पर फोडून उतरले असावेत, असं बाई म्हणाल्या.

"किती वर्षं झाली, बाई?" हमामने विचारलं.

"सोळाशे तरी."

"मग यांचं रक्त घ्यायचं कोणी?"

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला मबरूक बसला होता. मरूद्यानातला, चाळिशीचा, दात किडलेला, हसऱ्या तोंडाचा. तो म्हणाला, "सोळाशे वर्षं झाली, बाबा. एवढ्यात तर सईदी माणूससुद्धा सोडून देतो."

तीसच्या तीस खो खो हसले. नाईलच्या वरच्या अंगाचे आम्ही सईदी, आमच्यावर हसल्याशिवाय या लोकांना भाकरी पचत नाही. "सईदी विहिरीत पडला तर आधी विचारतो, ढकलला कोणी? मग विचारतो, दोर आहे का?" असलं काहीबाही रोज चालायचं. आम्हीही त्यांना खजूरखाऊ म्हणायचो, म्हशीपेक्षा संथ म्हणायचो. हिशेब बरोबरीचा होता. हमाम मात्र हसला नाही. मबरूक त्याला रोज न्याहारीला मूठभर खजूर पुढे करायचा आणि हमाम रोज मान फिरवायचा.

त्याच दुपारी बाईंनी मबरूकला सांगाड्याजवळची माती काढायला बसवलं. मी भिंतीवर उभा होतो. त्याने थापी स्वतःकडे ओढली. पुन्हा ओढली. मग उलटी केली, मुठीने एकदाच ठोकली आणि मान तिरकी करून कान दिला.

बाप आठवला, दियाब आठवला, तोंडाला लगाम राहिला नाही. "अरे, हा तर आपल्या घरचा हात!" मी मोठ्याने बोलून गेलो. "आपल्या घराबाहेर हा हात नाहीच कुणाकडे!"

हमाम माझ्या शेजारी उभा होता. त्याने मबरूककडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, "काका, हा हात तिघांकडे होता ना?"

"हो."

"आजोबा गेले. बाबा गेले."

दियाब या गढीकडे कधी फिरकलाही नव्हता. शेवटच्या हिवाळ्यात तो फराफराच्या मरूद्यानात खोदकामावर होता, इथून पाचशे किलोमीटरवर. उरला कोण, ते पोराने बोटांवर मोजलं होतं. मबरूकला शिकवणारा आबिदीनच, म्हणजे आबिदीन इथेच कुठेतरी होता, आणि मबरूक त्याचा जावई नाहीतर चेला. आमच्यात खुनी हाती लागला नाही तर त्याच्या माणसाचं रक्तही चालतं.

त्याच वेळी खाली उतरून मबरूकला विचारायला हवं होतं, "बाबा रे, कोणी शिकवलं तुला?" पाच शब्द. मी विचारले नाहीत. का, ते सरळ सांगतो. त्याने आबिदीनचं नाव घेतलं असतं तर मग मीही बांधला गेलो असतो. बावीस वर्षं जी गोष्ट टाळली ती माझ्या कानात येऊन बसली असती. न ऐकलेल्याचं ओझं नसतं, असं मला वाटलं. उंटावरचा शहाणा मी.

हमामला मात्र मी बाजूला घेतलं. "डोक्यात काही घेऊ नकोस. हात काय, माणूस बघूनही शिकतो."

"तुम्ही तर आयुष्यभर बघितलात. आला का तुम्हाला?"

"जास्त शहाणपणा नको. उद्यापासून तू विहिरीकडच्या भिंतीवर. परवा बसने घरी जायचं."

"विचारू का त्याला?"

"अजिबात नाही!"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आई पण म्हणते. ज्याला विचारलं, तो सावध झाला."

त्याचा चेहरा इतका शांत होता की मला बरं वाटलं. काय मूर्ख माणूस मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मबरूकला चाळणीवर पाठवलं, ढिगाऱ्यापलीकडे, नजरेआड. अर्ध्या तासात बाई आल्या. "मुकादम, त्याला परत आणा. गुडघ्यावरच्या माणसाच्या बरगड्या सुटतायत. एवढा हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही." काय सांगणार? मबरूक पुन्हा दरवाजाच्या खोलीत जाऊन बसला. मी भिंतीवरून हलायचं नाही असं ठरवलं.

न्याहारीची हाक झाली. माणसं उसळ आणि पावांकडे वळली. मबरूक बरगडी अर्धी सोडून उठेना. दोन ओढी, एक ठोका. हमाम विहिरीकडून आला, खांद्यावर फावडं. मला वाटलं, न्याहारीला निघालाय. वाळूने घासून घासून आमच्या फावड्यांना वस्तऱ्यासारखी धार येते. खोलीच्या तोंडाशी तो वळला आणि ओरडला, कारण आमच्यात मयताचं नाव घेऊनच मारायचं असतं:

"दियाबच्या रक्तासाठी!"

पहिला घाव खांद्यावर बसला. मबरूक सांगाड्यावर पालथा पडला, कोरड्या बरगड्या कडकड मोडल्या. तो किंचाळला नाही, चकित झाल्यासारखा वळला आणि उजवा हात वर केला. दुसरा घाव त्या हातावर. थापी आणि तीन बोटं भिंतीवर जाऊन आदळली. मी वरून उडी टाकली, घोट्यात काहीतरी तुटलं, तसाच गुडघ्यांवर रांगत गेलो. "हमाम! हमाम, थांब!" मबरूकने डाव्या हाताने वाळू उचलून त्याच्या डोळ्यांत फेकली, त्याच्या पायाला कडकडून चावला, जळकी तुळई ओढून मध्ये घेतली. जगायची केवढी धडपड! हमाम आंधळ्यासारखा फावडं फिरवत होता. एक फटका माझ्या बरगड्यांत बसला, एक भिंतीवर, विटा ढासळल्या. मी त्याची कंबर धरली. त्याने कोपराने माझे दोन दात पाडले आणि तिसरा घाव घातला. तो मबरूकच्या मानेच्या मुळाशी गेला.

मग मरूद्यानवाले धावत आले. ज्यांना मी म्हशीपेक्षा संथ म्हणायचो, तीच माणसं. फावडी, खजुरीचे दांडे, चाळणीच्या चौकटी, हाताला येईल ते. आमचे सहाजण मध्ये पडले, त्यांचीही डोकी फुटली. हमामचा गाल फाटला, डावा हात मोडला. तो प्रतिकारच करत नव्हता. मी त्याच्यावर आडवा पडलो आणि पाठीवर दांडे झेलत राहिलो. बाई मध्ये उभ्या राहून किंचाळत होत्या, पण कोणाला ऐकू येत नव्हतं. खोलीत अकरा मेलेले होते आणि आम्ही त्यांच्या हाडांवर नाचत होतो.

मबरूकला पिकअपच्या मागे घातलं. त्याच्या माणसांनी मला ढकललं, पण त्याच्या मानेवर माझी पगडी दाबलेली होती आणि हात काढला असता तर तो जागीच गेला असता. म्हणून मीही चढलो. रस्ता कसला, खड्डेच. पगडी भिजली, झगा भिजला.

मबरूकने डोळे उघडले. "दियाब कोण?" त्याने विचारलं.

"माझा भाऊ," मी म्हणालो. "मबरूक, थापी धरायला कोणी शिकवलं तुला?"

तेव्हा विचारलं. एवढं झाल्यावर.

"अबू हमाम," तो म्हणाला. "फराफराला. तिकडचाच मी, इथे लग्नाने आलो. अठरा वर्षांचा होतो. कुफ्तचा माणूस, लांब. सगळा हिवाळा मला शेजारी बसवलं." त्याने श्वास घेतला, मानेतून हवा फुरफुरली. "पोर व्हायचं होतं त्याला. मुलगाच होणार म्हणायचा. आतापासूनच मला अबू हमाम म्हणा, हमामचा बाप. आम्ही तेवढंच म्हणायचो. दुसरं नाव कोणाला ठाऊक?"

मी त्याची मान धरून बसलो.

"तुमच्या पोराला हमाम हाक मारली की वाटायचं, विचारावं," तो म्हणाला. "पण म्हटलं, तुमच्याकडे गल्लीगल्लीत हमाम. शिवाय सईदी माणूस. बापाचं नाव काढलं तर चिडायचा." ओठ हलले, बहुतेक हसायचं होतं. "खजूर पण घेत नव्हता."

दवाखान्याची कमान दिसत होती तेव्हा तो गेला. त्याच्या डाव्या हाताची बोटं माझ्या झग्यात अडकलेली होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली.

चार दिवसांनी पोलिसांनी मला हमामला भेटू दिलं. गालाला टाके, हात गळ्यात. मी त्याला सगळं सांगितलं, फराफरा, तो हिवाळा, अबू हमाम. लपवून ठेवावं असं एकदा मनात आलं, पण गप्प राहण्याने काय होतं ते मी पाहिलं होतं. तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, काका. आपल्या घरचा हात."

"हो," मी म्हणालो.

"बरोबरच म्हणालात."

त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

मी कुफ्तला पोचलो, कुबडीवर. गल्लीच्या तोंडाशीच मांडव दिसला. बातमी माझ्याआधी पोचली होती: दियाबच्या मुलाने आबिदीनचा माणूस मारला. बावीस वर्षांनी आमच्या दारात सतरंज्या पडल्या होत्या, कुराण वाचायला माणूस बसवला होता, आणि ज्यांनी मला ओढणी पाठवली होती ते म्हातारे रांगेत उभे राहून एकमेकांचे हात दाबत होते. दुखवट्याचा नुसता उत्सव. शफीका वहिनी दारात होती. एवढ्या वर्षांत तिला मी ताठ मानेने उभी बघितली नव्हती. तिने स्वतः कॉफीचा पेला माझ्या हातात दिला.

"घ्या, भाऊजी. आता पिता येईल."

"वहिनी, आत चला जरा."

"आत कशाला? बावीस वर्षं आतच होते. इथेच सांगा. मरताना काही बोलला का तो?"

"बोलला. त्याला शिकवणाऱ्याचं नाव सांगितलं."

"आबिदीनचं." ती थुंकली.

"अबू हमाम," मी म्हणालो. "फराफराचा होता तो, वहिनी. दियाबने शिकवलेला, पोर जन्मायच्या आधी."

तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळले. हमाम हे नाव दियाबने फराफराहून पत्रात कळवलं होतं. पत्र गावच्या मास्तरने तिला वाचून दाखवलं होतं आणि ती ते कुणाला बोलली नव्हती. बाळंत झाल्यावरच तिने नाव सांगितलं. बाळ जन्माला येण्याआधी दियाबशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते असणं शक्य नव्हतं. हे मला तिनेच नंतर सांगितलं. त्या वेळी तिने फक्त माझ्या हातातला पेला घेतला आणि कॉफी उंबऱ्यावर ओतली. मग मांडवाचा पुढचा खांब दोन्ही हातांनी धरून हलवू लागली. सुटेना. तिने खांद्याने धडक दिली, नखं फुटली. कापड म्हाताऱ्यांच्या डोक्यावर येऊन पडलं आणि ते त्याखालून शिव्या देत बाहेर निघाले.

आमच्यात रक्त मिटवायची एकच रीत आहे. ज्याने मारलं त्याने स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घ्यायचं, अनवाणी चालत मयताच्या दारात जायचं आणि म्हणायचं, हा मी, हे माझं कफन. मारा किंवा सोडा. हमाम तुरुंगात होता. मी म्हणालो, "मी नेतो. पहिली चूक माझीच."

"नाही," वहिनी म्हणाली.

"वहिनी, बायका नेत नाहीत. पुरुषांनी न्यायचं असतं ते."

"पुरुषांनी न्यायचं ते सगळं नेऊन झालं."

खारग्यापर्यंत बसने गेलो. तिथून मबरूकच्या वस्तीपर्यंत ती अनवाणी चालली, दुपारच्या उन्हात. मी कुबडीवर मागे. माणसं दारात येऊन बघत राहिली. कुणी दगड मारला नाही, कुणी पाणीही विचारलं नाही. मबरूकचं घर खजुरीच्या बागेच्या कडेला होतं, भिंती पडक्या गढीच्याच मातीच्या.

त्याची बायको बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं. वहिनी गुडघ्यांवर बसली आणि पांढरं कापड पुढे केलं.

"मी हमामची आई," ती म्हणाली. "हे माझ्या मुलाचं कफन. तो नाही, म्हणून मी आले. मारायचं तर मला मारा."

ती बाई कापडाकडे बघत राहिली. मरूद्यानातल्या लोकांत ही रीत नाही. त्यांना ती कोणी शिकवलेली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. मग पिठाचे हात पदराला पुसले आणि कापडाला बोट लावून पाहिलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण आम्ही त्याला पुरलंसुद्धा, बाई. आता हे मी कोणाला घालू?"